शाळेची शिस्त आणि विद्यार्थ्याचा सन्मान



शिस्त म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर छडी उभी राहते. उठाबशा, अंगठे धरणे, वर्गाबाहेर उभे राहणे यांतून आपल्या मागच्या पिढ्या गेल्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. कायद्याने छडी काढून घेतली. परंतु तिच्या जागी काय ठेवायचे, याचा विचार प्रत्येक शाळेने करावयाचा आहे. प्रस्तुत पाठाचा हाच विषय आहे.

संपूर्ण शाळेचे काम

अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातील अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस एक पद्धत विकसित केली. तिला आपण 'शाळाव्यापी सकारात्मक वर्तन-साहाय्य' म्हणू. तिचे तत्त्व साधे आहे. गणित जसे शिकवावे लागते, तसे चांगले वर्तनही शिकवावे लागते. बेरीज चुकली तर आपण पुन्हा शिकवतो. वागणे चुकले की मात्र लगेच शिक्षा करतो. हा भेद का?

या पद्धतीत तीन पायऱ्या असतात. पहिली पायरी सर्वांसाठी. शंभरातील सुमारे ऐंशी मुलांना ती पुरते असे ढोबळमानाने धरले जाते. पंधरा-एक मुलांना थोडी जादा मदत लागते, तर पाच-एक मुलांकडे व्यक्तिशः लक्ष द्यावे लागते. महत्त्वाचे म्हणजे ही जबाबदारी एका कडक मास्तरांची नसून मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सर्वांची असते.

नियम काय शिकवतो?

संपूर्ण शाळेची व्यवस्था मुलाला घडवते, तशी मोडूही शकते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शालेय दिवस आठवा. त्यांना गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपाई नसला की पाणीही मिळत नसे. त्या शाळेतही शिस्त होतीच. प्रत्येक जण नियम पाळत होता. परंतु तो नियम एका मुलाला तू कमी आहेस असे रोज शिकवत होता. म्हणून नियम आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. तो मुलाला काय शिकवतो, हे विचारले पाहिजे.

दुसरे उदाहरण आपल्या खानदेशातील आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयही सांभाळत. मुलांनी खोली अस्वच्छ ठेवली तर ते स्वतः झाडत, कंदिलाच्या काचा पुसत. मुले ते पाहून आपणहून कामाला लागली. मुलांसाठी ते हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' चालवीत. वर्तन शिकवायचे म्हणजे आधी ते करून दाखवायचे, हा धडा शंभर वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात दिला गेला.

सुधारणा कोठे हवी?

१) नियम थोडे असावेत. तीन ते पाच पुरेत, आणि ते 'हे करा' अशा भाषेत असावेत. 'गोंधळ करू नका' यापेक्षा 'एकाचे बोलणे संपल्यावर दुसऱ्याने बोला' हे मुलाला कळते.

२) नियम जागेवर शिकवावेत. फळ्यावरील सुविचाराने पाण्याच्या टाकीजवळची ढकलाढकली थांबत नाही. तेथे रांग लावून दाखवावी, सराव घ्यावा.

३) कौतुक सर्वांपर्यंत पोहोचावे. 'आदर्श विद्यार्थी' दरवर्षी पहिल्या बाकावरचाच निघत असेल, तर बाकीच्या बाकांनी काय समजावे? कौतुक नेमके असावे. 'शाब्बास' एवढ्यावर न थांबता 'तू लहान मुलाला आधी पाणी दिलेस, हे चांगले केलेस' असे सांगावे.

४) नोंदवही ठेवावी. कोण चुकले एवढेच न लिहिता केव्हा, कोठे आणि त्याआधी काय झाले, हेही लिहावे. महिन्याअखेरीस सर्व शिक्षकांनी ती एकत्र वाचावी. बहुतेक भांडणे मधल्या सुट्टीतच होत असतील, तर दोष मुलांपेक्षा देखरेखीचा आहे. बोलणी खाणारी मुले एकाच वस्तीतील असतील, तर शाळेने स्वतःकडे पाहावे.

५) कारण शोधावे. कापूस वेचणीच्या दिवसांत उशिरा येणारे मूल आळशी नसते. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारे मूल प्रश्न विचारल्यावर गप्प राहिले, तर तो उद्धटपणा नसतो. ऊसतोडीहून परतलेल्या मुलाला आधी मागचा अभ्यास हवा, उपदेश नंतर. अशा मुलांवर 'वांड' असा शिक्का बसला की हळूहळू त्यांचे शाळेत येणे बंद होते. आपल्या समाजाला हे नुकसान परवडणारे नाही.

आपले कर्तव्य

शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात, आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात स्थान मिळावे, अशी कायद्यात तरतूद आहे. आपण त्या बैठकीस जातो काय? गेल्यावर केवळ खिचडी आणि गणवेशाविषयीच बोलतो काय? वर्तनाच्या नोंदवहीविषयीही विचारावे. शिक्षकांवर आरोप करण्यासाठी जाऊ नये; त्यांचा भार वाटून घेण्यासाठी जावे. आणि घरी मुलाला मारून शाळेकडून प्रेमाची अपेक्षा करू नये.

बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. प्रतिमेस हार घालून झाल्यावर, त्याच दिवशी, मुलांना सोबत घेऊन आपल्या शाळेचे तीन नियम ठरवावेत.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी प्रश्न

१) तुमच्या शाळेतील कोणता नियम मुलाला कमी लेखतो? तो कसा बदलाल?
२) गेल्या महिन्यात शाळेत तुमचे कौतुक कोणत्या कृतीबद्दल झाले? झाले नसेल, तर कोणत्या कृतीबद्दल व्हायला हवे होते?
३) शाळा सोडलेल्या एका मुलाच्या घरी जाऊन कारण विचारा. त्यातील किती कारणे शाळेला दूर करता आली असती?

मूल शाळेत ताठ मानेने बसले, तरच ते तेथे टिकेल. आणि टिकले, तरच शिकेल.