परांचीवरून पडलेला माणूस कोणाचा?

सांगलीतल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या कपाटात शंभर रुपयांचा एक स्टॅम्प पेपर आहे. ‘अपघात माझ्या चुकीने झाला, औषधपाण्याचा सगळा खर्च मालकीणबाईंनी केला, यापुढे माझी काही मागणी नाही,’ असा मजकूर, खाली दोन साक्षीदार आणि एका रंगाऱ्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. ठसा डाव्या अंगठ्याचा, कारण उजवा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. घर भाड्याने देणारे कोणी ओळखीचे भेटले की बाई तो कागद काढून दाखवतात. “हा करून घेताना मला वाटलं, प्रकरण मिटलं. कायद्याने याला काडीची किंमत नाही.”

बाई खाली राहतात. वरच्या तीन खोल्या कॉलेजच्या मुलांना भाड्याने दिलेल्या. पेन्शनला तेवढाच आधार. २०२२च्या मे महिन्यात पावसाळ्याआधी घराला बाहेरून रंग काढायचा ठरला. ठेकेदाराचा दर फार वाटला, म्हणून रंग बाईंनी स्वतः आणला आणि नाक्यावरून दोन माणसे रोजावर बोलावली. प्रत्येकी ७०० रुपये, रोज संध्याकाळी हातात. चौथ्या दिवशी परांचीची फळी सरकली आणि ३५ वर्षांचा रंगारी चौदा फुटांवरून फरशीवर आला. उजव्या कोपराचा चुरा झाला. प्लेट बसवावी लागली. दवाखान्याचे एक लाख ऐंशी हजार बाईंनी भरले, महिनाभर त्याच्या घरी किराणाही पाठवला.

नऊ महिन्यांनी नोटीस आली.

“मला राग आला होता,” बाई कबूल करतात. “एवढं करून वर नोटीस? पण त्याचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. रंगाऱ्याचा हात वर जात नसेल तर त्याने खायचं काय? हे मला तारखांना त्याला समोर बसलेलं बघितल्यावर कळलं.”

कामगार न्यायालयात पहिला प्रश्न आला, मजुरी कोण देत होते? उत्तर सरळ होते. मधे ठेकेदार नव्हता, म्हणजे मालक बाईच. कर्मचारी भरपाई कायदा १९२३चा. त्यात कामगाराची चूक किंवा मालकाचा निष्काळजीपणा शोधत बसत नाहीत. काम करताना, कामामुळे इजा झाली एवढे पुरते. मजूर दारू पिऊन होता किंवा सुरक्षेचा नियम त्याने जाणूनबुजून मोडला, असा बचाव मालकाला घेता येतो, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तोही चालत नाही. ‘चार दिवसांचा रोजंदारीचा माणूस, तो काय माझा नोकर?’ हा युक्तिवाद पूर्वी टिकला असता. व्यवसायाबाहेरच्या किरकोळ कामावरचे मजूर कायद्याच्या व्याख्येतून वगळलेले होते. २०००च्या दुरुस्तीने ती पळवाट बंद झाली. अनुसूचीत इमारतीच्या बांधकामाबरोबर देखभाल आणि दुरुस्तीही आहे, आणि इमारत म्हणजे काय, तर एका मजल्याहून उंच किंवा जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत बारा फूट भरणारी. महाराष्ट्रातली बहुतेक भाड्याची घरे त्यात बसतात. आणि स्टॅम्प पेपर? भरपाईचा हक्क सोडून देणारा करार याच कायद्याने रद्दबातल ठरवला आहे.

हिशेब प्रत्येक घरमालकाने एकदा स्वतः करून पाहावा. मजुरी कितीही असली तरी भरपाईसाठी महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. ही मर्यादा जानेवारी २०२०पासूनची, त्याआधी ती ८,००० होती. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. ३५व्या वर्षी तो १९७.०६ आहे. गुणाकार १७,७३,५४० रुपये. डॉक्टरांनी कमाईची क्षमता ४० टक्के गेल्याचे लिहून दिले, म्हणून बाईंच्या वाट्याला ७,०९,४१६ आले. वर अपघातापासून १२ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ८५ हजारांहून अधिक. दवाखान्यात भरलेले पैसे यातून वजा झाले नाहीत. उपचारांचा खर्च वेगळा धरतात.

४० टक्क्यांवर थांबले, हे बाईंचे नशीबच म्हणायचे. १९६८ साली एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे, एकच हात गेला, तर नुकसान पूर्ण कसे? सर्वोच्च न्यायालयाने १९७५मध्ये उत्तर दिले की एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा सुताराची कमाई शंभर टक्के गेली. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात आहे. हा निकाल न्याय्य आहे. हातावर पोट असलेल्याचा हात हेच त्याचे सगळे भांडवल असते.

मृत्यू झाला तर आणखी एक चूक हमखास होते. सांत्वनाला गेलेला मालक घरच्यांच्या हातात रोख रक्कम ठेवतो. तीन महिन्यांच्या मजुरीएवढी उचल सोडली तर असे दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. रक्कम कर्मचारी भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते.

बाईंकडे घराचा विमा होता, ‘भारत गृह रक्षा’. आग, पूर, भूकंप यांत घराचे नुकसान झाले तर तो कामाला येतो. भिंत रंगवणाऱ्याची इजा त्यात कुठेच नाही. त्यासाठी कर्मचारी भरपाईचा विमा वेगळा घ्यावा लागतो. ठेकेदार त्याला ‘डब्ल्यूसी’ म्हणतात. तो काही आठवड्यांच्या कामापुरताही मिळतो. हप्ता कामाचा प्रकार, माणसे आणि त्यांची मजुरी यांवरून ठरतो, म्हणून मजुरी कमी लिहून हप्ता वाचवण्याचा मोह टाळावा. उपचारांचा खर्च धरला आहे का आणि किती मर्यादेपर्यंत, व्याज धरले आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्यावे. भरपाई वेळेत न दिल्याबद्दल ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो मात्र मालकाच्याच खिशातून जातो.

ठेकेदाराला काम दिले म्हणून सुटका होईलच असे नाही. स्वतःच्या व्यवसायासाठी ठेकेदाराकडून काम करून घेणाऱ्याकडे कामगार थेट भरपाई मागू शकतो. ठेकेदाराकडून वसुली मग मालकाने करायची. खोल्या भाड्याने देणे हा व्यवसाय की नाही, यावर वाद घालता येईल, पण तो न्यायालयात घालावा लागेल. त्यापेक्षा ठेकेदाराची डब्ल्यूसी काम सुरू होण्याआधी मागावी. नाव कोणाचे, तारीख कुठवर, माणसे किती, उंचीवरचे काम लिहिले आहे का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात.

२१ नोव्हेंबर २०२५पासून १९२३च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. चूक न शोधता भरपाई, वयाचा गुणक, व्याज ही चौकट तिच्यातही आहे. शिवाय घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, तिने आत घेतला आहे.

बाईंनी मुदत ठेव मोडून पैसे भरले. तो रंगारी आता एका दुकानात रंग मिसळून देतो. या मे महिन्यात वरच्या टाकीचे गळतीचे काम निघाले तेव्हा ठेकेदाराने न मागता पॉलिसी पुढे केली. बाईंनी चष्मा लावून ती वाचली, मग अंगणात जाऊन माणसे मोजली. पॉलिसीत तीन, अंगणात पाच. त्यांनी पाचही जणांना चहा दिला आणि ठेकेदाराला सांगितले, “आधी यांची नावं चढवून आणा.” काम दोन दिवस उशिरा सुरू झाले.