घरातला एक प्रिंटर, सगळ्यांसाठी
जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी, जुन्या कुटुंबांकडून

दरवर्षी गणपतीच्या आधी आम्ही नवीन मंडळींसाठी ही टिपणं गोळा करतो. घर, विमा, किंडरगार्टन यांवर मागे लिहून झालं. यंदा विषय प्रिंटरचा. ज्यांनी लिहून दिलं त्यांचं लिखाण फारसा हात न लावता देत आहोत.

प्रिंटर लागतोच का?

लागतो. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. तिच्यासाठी २०१५ पासून घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. भाड्याचं घर सोडण्याची नोटीस ईमेलने चालत नाही, कागदावर सहीच हवी. रविवारी झेरॉक्सचं दुकान उघडं मिळत नाही. भारतातला प्रिंटर आणावा का, असं बरेच जण विचारतात. वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे फक्त पिनची वायर बदलावी लागते. पण काही कंपन्यांची कार्ट्रिज प्रदेशानुसार वेगळी असतात. बॅगेतलं तेवढं वजन मसाल्यांना आणि पुस्तकांना ठेवा, असं आमचं मत.

जोडणी कशी करायची
*(आयटीत काम करणारं कुटुंब, इथे १२ वर्षं)*

प्रिंटरला स्वतःचं वायफाय असेल आणि घरातल्या सगळ्या फोनना तो दिसत असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. प्रिंटर फक्त यूएसबीचा असेल तर दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, राउटर. यूएसबी असलेल्या फ्रिट्झबॉक्सला प्रिंटर थेट जोडता येतो. ओपनडब्ल्यूआरटी ही पर्यायी प्रणाली बसवलेल्या राउटरवर यूएसबी प्रिंटरचं मोड्यूल आणि ‘पी९१०एनडी’ नावाचा छोटा प्रोग्राम बसवा. तो ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर आलेला मजकूर साठवून न ठेवता थेट प्रिंटरकडे सोडतो, म्हणून अगदी कमी मेमरीच्या राउटरवरही चालतो. विंडोजमध्ये ‘स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट’ निवडून राउटरचा पत्ता द्या, प्रकार ‘रॉ’ ठेवा. मर्यादा दोन: प्रत्येक कॉम्प्युटरवर त्या प्रिंटरचा ड्रायव्हर लागतो, आणि फोनना हा प्रिंटर आपोआप दिसत नाही.

दुसरा मार्ग, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि त्यावर ‘कप्स’ हा छपाई सांभाळणारा प्रोग्राम. आमच्या घरी हाच आहे.

१. पाय ओएसची ‘लाइट’ आवृत्ती मेमरी कार्डावर घाला. जुना पायही पुरतो. ‘झीरो’ घेतलात तर छोट्या यूएसबीचा अडॅप्टर लागेल.
२. राउटरच्या सेटिंगमध्ये पायला कायमचा एकच आयपी पत्ता द्या. हे राहून गेलं की महिन्याभराने प्रिंटर ‘हरवतो’.
३. ‘कप्स’ आणि ‘अवाही’ बसवा. अवाहीमुळे आयफोनला प्रिंटर आपोआप दिसतो.
४. आपलं युजरनेम ‘एलपीअ‍ॅडमिन’ गटात घाला. नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही परवानगी नाकारली जाते.
५. कप्स सुरुवातीला फक्त त्याच यंत्राचं ऐकतं. ‘कप्सकंट्रोल’ची आज्ञा देऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवरून व्यवस्थापन आणि प्रिंटर शेअरिंग सुरू करा.
६. ब्राउझरमध्ये पायचा पत्ता, कोलन आणि ६३१ लिहा. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’मध्ये प्रिंटर जोडा, ‘शेअर’वर खूण करा. नावात मोकळी जागा ठेवू नका.
७. चाचणीचं पान आधी तिथूनच छापा, मग फोनवरून.

घेण्याआधी ड्रायव्हर तपासा. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल समजणारा लेझर प्रिंटर सहसा त्रास देत नाही. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० चा कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी आहे, पायचा प्रोसेसर वेगळा. एचपी लेझरजेट १०२० ला प्रत्येक वेळी चालू केल्यावर फर्मवेअर पाठवावं लागतं. ते होतं, पण सोय आधी करून ठेवावी लागते.

पाहुण्यांसाठीचं वायफाय मुख्य नेटवर्कपासून वेगळं असतं. ‘माझ्याच फोनवर प्रिंटर का दिसत नाही’ याचं उत्तर बहुतेक वेळा तिथे असतं. शेवटचं आणि सक्तीचं: ६३१ आणि ९१०० ही पोर्ट राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सशी संबंधित गंभीर त्रुटी जाहीर झाल्या. पाय अद्ययावत ठेवा.

माझी आई बाळंतपणाला येऊ शकली नाही
*(दोन मुलांची आई, इथे ७ वर्षं)*

मला पोर्ट वगैरे काही सांगायचं नाही. आमच्यावर जे आलं ते लिहिते.

माझा सातवा महिना होता. आईच्या व्हिसासाठी इथून हमीपत्र द्यायचं होतं. सोमवारी सकाळी साडेसातची वेळ मिळाली होती, तीही महिनाभर वाट पाहून. शनिवारी रात्री लक्षात आलं की फॉर्म, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि भाडेकरार, सगळं छापून न्यायचं आहे. प्रिंटर घरातच होता. पण तो चालायचा फक्त नवऱ्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवरून, आणि लॅपटॉप घेऊन तो दुसऱ्या शहरात गेला होता. रविवारचा अख्खा दिवस मी त्या प्रिंटरशी झटत होते. माझ्या लॅपटॉपवर ड्रायव्हर बसेना, फोनवर तो दिसेना.

सोमवारी मी सगळं फोनवर घेऊन गेले. काउंटरवरच्या बाईंनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. कागद हवेत, एवढंच. जवळ कुठे छापून अर्ध्या तासात येऊ का, म्हटलं, तर म्हणाल्या, वेळ संपली, नवीन वेळ घ्या. नवीन वेळ सात आठवड्यांनंतरची होती. मी बाहेर येऊन ट्रामच्या थांब्यावर रडले. तिकडे आईने डिंकाचे लाडू बांधून ठेवले होते. ती आली तेव्हा बाळ तीन महिन्यांचं झालं होतं. बारसं आम्ही व्हिडिओवर केलं, आईने तिकडून नाव सांगितलं. तो दिवस मला परत मिळणार नाही.

नियम नियमच असतात, मान्य. पण पोटुशी बाई समोर उभी असताना अर्धा तास देता येत नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

नव्याने आलेल्या प्रत्येक बाईला माझं सांगणं आहे: घरातला प्रिंटर एका माणसाच्या लॅपटॉपवर लटकलेला ठेवू नका. तो घराचा असू दे. जोडणी होत असताना शेजारी बसा आणि पहिलं पान स्वतःच्या हाताने छापा. आणि कोणत्याही कार्यालयात जायच्या तीन दिवस आधी कागद छापून फाइलला लावा.

कागदावरची मराठी
*(शनिवारच्या मराठी शाळेत शिकवणारे निवृत्त गृहस्थ)*

आमच्या वर्गातली मुलं मराठी छान बोलतात, पण ‘ळ’ आणि ‘क्ष’ काढताना त्यांचा हात अडतो. पडद्यावर बोट फिरवून अक्षर वळणदार होत नाही. त्याला कागद आणि पेन्सिल लागते. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत मिळतात. रोज एक पान छापा आणि मुलाला गिरवायला द्या. पान मुलाने स्वतः टॅबवरून छापावं. आपण मागितलेलं पान दुसऱ्या खोलीतून मराठीत उमटून येतं, याचं त्याला अप्रूप वाटतं.

एक व्यावहारिक गोष्ट. आरत्यांचे किंवा पत्रिकांचे जुने मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट आपल्याकडे नसेल तर छापताना अक्षरांचा चुराडा होतो. पाठवणाऱ्याकडून फॉन्टसह केलेली पीडीएफच मागा.

भाषा आपोआप टिकत नाही. आपण घरी रोज ती वाचली, लिहिली, मुलांसमोर धरली, तरच ती पुढच्या पिढीकडे जाते. हे काम शनिवारच्या दोन तासांवर सोडू नका, ही कळकळीची विनंती.

उरलेलं

स्कॅनिंगवर कोणी लिहून दिलं नाही. आमच्याकडे फोनच्या कॅमेऱ्याने काढलेली पीडीएफ बहुतेक ठिकाणी चालली. पाय बंद करताना थेट पिन काढू नका, मेमरी कार्ड खराब होऊ शकतं.

सगळं जमलं की एक कागद मराठीत लिहून प्रिंटरवर चिकटवा: वायफायचं नाव, प्रिंटरचं नाव, पायचा पत्ता. आई-बाबा आले की परतीचा बोर्डिंग पास बाबांना स्वतःच्या फोनवरून छापू द्या. त्यांना तो कुणाला न विचारता छापता आला, की जोडणी नीट झाली असं समजा.