उतारावरील हिरवळ आणि चिकणमाती



मारुतिरायाने औषधींचा पर्वत उचलून नेला तेव्हा त्याचा एक तुकडा उरणजवळ पडला व तोच द्रोणागिरी डोंगर झाला, अशी लोककथा आहे. या डोंगराच्या आसमंतात आज सिडकोने वसविलेली द्रोणागिरी वसाहत आहे. तेथील एका पश्चिमाभिमुख उतारावर आम्ही शिक्षक व विद्यार्थ्यांनी मिळून 20 चौरस मीटर जागेत हरळी लावली. पुढे उन्हाळा आला आणि रोज पाणी घालूनही ती आमच्या डोळ्यांदेखत करपू लागली. त्याचे कारण शोधताना जे शिकलो, ते येथे सांगावयाचे आहे.

आम्ही रबरी नळीने रोज 20 मिनिटे पाणी सोडत असू. जमीन ओलीचिंब दिसे व आमचे समाधान होई. एके दिवशी एका विद्यार्थ्याने खुरप्याने माती उकरली, तो दोन बोटांखाली ती कोरडी ठणठणीत! मग पाणी गेले कोठे? उताराच्या तळाशी असलेल्या गटाराकडे पाहताच उत्तर मिळाले.

आता थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पसरले म्हणजे त्याचा थर एक मिलिमीटर जाडीचा होतो. आमच्या नळीने 15 लिटरची बादली एका मिनिटात भरे. म्हणजे 20 मिनिटांत 300 लिटर पाणी, अर्थात 15 मिलिमीटरचा थर. परंतु चिकणमाती तासाला साधारणतः 1 ते 5 मिलिमीटर एवढेच पाणी शोषते. तिचे कण 0.002 मिलिमीटरहूनही बारीक असून त्यांमधील छिद्रे अतिसूक्ष्म असतात. सपाट जागी न मुरलेले पाणी साचून तरी राहते. उतारावर ते थांबतच नाही. त्यात पश्चिमेचा उतार म्हणजे तिसऱ्या प्रहरी, हवा अत्यंत तापलेली असता, ऊन समोरून घेणारा.

तथापि चिकणमातीस दोष देणे योग्य नव्हे. ती पाणी सावकाश घेते, परंतु घेतलेले पुष्कळ दिवस धरून ठेवते. वाळूस जे साधत नाही ते तिला साधते. तेव्हा बदलावयाची होती ती आमची रीत.

प्रथम आम्ही सळईने वीतभर अंतरावर चार-चार बोटे खोल भोके पाडली व वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर दिला. नळी बाजूस ठेवून 10 लिटरची झारी घेतली. एक झारी 5 चौरस मीटरांवर फिरविली की 2 मिलिमीटर पाणी होते. सर्व जागेस चार झाऱ्या पुरतात. त्यानंतर अर्धा तास थांबावयाचे व पुन्हा चार झाऱ्या घालावयाच्या. आरंभ नेहमी वरच्या अंगाने करावयाचा, कारण ओघळलेले पाणी खालच्या गवतास मिळतेच. पाणी वाहू लागले असे दिसताच हात आवरावयाचा. अशा सहा फेऱ्या, आठवड्यातून दोनदा, पहाटे. येणेप्रमाणे आठवड्यास 480 लिटर पाणी लागले. पूर्वी 2100 लिटर लागत असे. काही दिवसांनी सळई सहज खोल जाऊ लागली व हरळीस नवे कोंब फुटले.

येथे पालकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: उन्हाळ्यात गवतास पाणी द्यावेच का? द्रोणागिरीस पाणी येते ते पेण तालुक्यातील हेटवणे धरणातून. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज 55 लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने आमचे 480 लिटर म्हणजे जवळजवळ नऊ माणसांचे एका दिवसाचे पाणी होय, आणि पूर्वीचे 2100 लिटर म्हणजे अडतीस माणसांचे! म्हणून आम्ही असे ठरविले आहे की, टंचाईच्या दिवसांत पाणी तोडावयाचे. मुळे धरलेली हरळी वरून पिवळी पडली तरी बहुधा मरत नाही. मृगाच्या सरींनी ती पुन्हा हिरवी होते. नवी लावणी मात्र पावसाच्या आरंभीच करावी, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी तिची मुळे खोल जातात.

मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. कोकणपट्टीत वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सारा चार महिन्यांत. उघड्या उतारावरील माती तो धुऊन नेतो. गवताची मुळे तिला बांधून ठेवतात. हिरवळीचे खरे काम हे आहे, शोभा त्यानंतरची.

तेव्हा मित्रहो, पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन आपल्या अंगणाच्या उताराखाली उभे राहा आणि वाहणारे पाणी काचेच्या पेल्यात धरा. ते गढूळ असेल तर तुमची माती घर सोडून चालली असे समजावे, व त्याच आठवड्यात तेथे हरळीच्या काड्या लावाव्यात.