एक्सेलची नवी आवृत्ती : संस्थेच्या कामासाठी काही उपयुक्त सोयी



संस्था लहान असो वा मोठी, तिची सभासद यादी, वर्गणीची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, कार्यक्रमाचा जमाखर्च हे सारे आता बहुतेक ठिकाणी संगणकावर, एक्सेलमध्ये ठेवले जाते. आम्ही कला शाखेचे पदवीधर. बँकेत कारकून म्हणून लागलो तेव्हा संगणकाचे शास्त्र शिकलेलो नव्हतो. टेबलावर जे काम आले ते करता करता शिकलो. त्यामुळे प्रस्तुत लेखात तांत्रिक परिभाषा कमी आणि अनुभव अधिक आहे. सूत्रांची नावे आम्ही उच्चाराप्रमाणे देत आहोत. संगणकावर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहावी लागतात.

प्रथम आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या यादीचे काम आमच्याकडे आले. एका शीटवर अर्ज क्रमांक व विद्यार्थ्यांची नावे होती. दुसऱ्या शीटवर अर्ज क्रमांक आणि गुणांची टक्केवारी होती. दोन्हींची सांगड घालण्यासाठी आम्ही व्हीलुकअप हे सूत्र वापरले, वरपासून खालपर्यंत ओढले आणि यादी दहा मिनिटांत तयार झाली. समितीने ती पाहिली व फलकावर लावली. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ मुलीची गुणपत्रिका हातात घेऊन आले. मुलीला ८४ टक्के होते. आमच्या यादीत तिच्या नावापुढे ४१ होते. ते एवढेच म्हणाले, "साहेब, कोणाचे गुण लावले हो हिला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मुलीचा अर्ज क्रमांक ११८. तिची गुणपत्रिका उशिरा आल्यामुळे वेगळ्या फायलीत राहिली होती आणि गुणांच्या शीटवर ११८ हा क्रमांकच नव्हता. अशा वेळी सूत्राने "सापडले नाही" असे सांगायला हवे होते. पण व्हीलुकअपच्या शेवटी जो चौथा भाग असतो, तेथे 'फॉल्स' लिहायचे आम्ही विसरलो होतो. तो भाग सोडून दिला की एक्सेल असे धरून चालते की आपल्याला जवळपासचे उत्तर चालेल. ११८ नाही, म्हणून त्याने ११७ क्रमांकाचे गुण आणून ठेवले. सेलमध्ये ना लाल खूण, ना इशारा! त्या संध्याकाळी यादी फलकावरून काढली, सारे अर्ज हाताने ताडून पाहिले, तेव्हा असे आणखी दोन विद्यार्थी निघाले. त्यांचे पालक विचारायला आलेच नव्हते.

हे सूत्र नवे नाही. मायक्रोसॉफ्टने १९८५ साली मॅकिंटॉश संगणकासाठी एक्सेल प्रथम आणले, विंडोजसाठी १९८७ साली, आणि व्हीलुकअप तेव्हापासूनचे आहे. जवळपासचे उत्तर देण्यामागेही कारण आहे. आयकराचा टप्पा, टपालाचे वजनानुसार दर अशा कोष्टकांत 'या रकमेपर्यंत हा दर' असेच पाहावे लागते. पण माणसांच्या यादीत जवळपासचा माणूस चालत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या जागी एक्सलुकअप हे सूत्र जाहीर केले. मायक्रोसॉफ्ट ३६५ या वर्गणी भरून घ्यायच्या आवृत्तीत ते आधी आले आणि पुढे एक्सेल २०२१ मध्ये कायमचे बसले. त्याची मांडणी बोलल्यासारखी आहे : काय शोधायचे, कोणत्या कॉलममध्ये शोधायचे, कोणत्या कॉलममधून उत्तर आणायचे. वेगळे काही सांगितले नाही तर ते तंतोतंत जुळणारेच उत्तर देते. चौथ्या जागी, न सापडल्यास काय लिहावे ते आपण सांगू शकतो. तेथे "गुणपत्रिका आलेली नाही" एवढे शब्द अवतरण चिन्हांत घातले असते, तर त्या मुलीच्या नावापुढे तेच उमटले असते आणि आम्ही तिच्या घरी निरोप पाठवला असता.

दुसराही एक फायदा आहे. व्हीलुकअपमध्ये 'चौथा कॉलम' असा आकडा द्यावा लागतो. कोणी मध्येच मोबाइल क्रमांकाचा कॉलम घातला की चौथा तो पाचवा होतो आणि वर्गणीच्या जागी भलतेच काही येते. एक्सलुकअपमध्ये कॉलमच दाखवायचा असल्याने तो सरकला तरी सूत्र त्याच्याबरोबर सरकते. शिवाय उत्तर डावीकडे असले तरी चालते. जुन्या सूत्राला फक्त उजवीकडेच पाहता येत असे. वर्गणीच्या नोंदी तारखेप्रमाणे खाली खाली लिहिल्या असतील, तर सूत्राच्या सहाव्या जागी उणे १ लिहावे. मग शोध खालून वर होतो व सभासदाची शेवटची पावती मिळते. खजिनदारांना ही एक गोष्ट तरी अवश्य शिकवावी.

याच काळात फिल्टर, सॉर्ट व युनिक ही सूत्रेही आली. फिल्टर एका सेलमध्ये लिहिले की ज्यांची वर्गणी बाकी आहे अशांची पूर्ण यादी त्याखाली आपोआप पसरते, आणि मूळ शीटवर रक्कम भरली की त्या यादीतून नाव निघून जाते. मात्र पसरण्यासाठी खालचे सेल मोकळे लागतात. तेथे काही लिहिलेले असल्यास स्पिल नावाची चूक दिसते. युनिक हे सूत्र एकच नाव पुन्हा पुन्हा आले असल्यास ते एकदाच देते. त्यावर फार विसंबू नये. एकच आडनाव इंग्रजीत दोन तऱ्हेने लिहिले असेल तर ती दोन माणसेच धरली जातात. नावानंतर चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा त्याला वेगळी वाटते. त्यासाठी ट्रिम हे जुने सूत्र आधी चालवावे.

आता खाते क्रमांकाविषयी. हा विषय आमच्या नोकरीचाच असल्याने थोडे सविस्तर लिहितो. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपून ठेवते. सोळा अंकी खाते क्रमांक साध्या सेलमध्ये लिहिला तर शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येते. क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर ते गळून जाते. मध्ये इंग्रजी 'ई' अक्षर असलेला परीक्षा क्रमांक भलीमोठी संख्या होऊन बसतो, आणि ३-५ असा वर्ग-तुकडी क्रमांक तारीख होतो. शिष्यवृत्तीची रक्कम बँकेतून पाठवताना ती खाते क्रमांकावर जमा होते. चुकीचा क्रमांक अस्तित्वातच नसेल तर पैसे परत येतात. दुसऱ्या कोणाचा असेल तर पुढचा पत्रव्यवहार किती लांबतो ते बँकेतील माणसाला विचारावे.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. मार्च महिन्याच्या इंग्रजी नावासारखी दिसणारी काही मानवी जनुकांची नावे एक्सेल तारखेत बदलत असे. शेवटी २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या समितीने नावेच बदलल्याचे जाहीर केले. शास्त्रज्ञ हरले म्हणायचे! त्यानंतर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ३६५ आवृत्तीत असे बरेचसे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय दिली. फाइल, मग ऑप्शन्स, मग डेटा या पानावर 'ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन' हा भाग आहे. तेथील खुणा काढाव्यात. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी आकडे भरण्यापूर्वी कॉलम निवडून तो टेक्स्ट करावा. पूर्वी गेलेला अंक मात्र दोन्ही उपायांनी परत येत नाही. त्यासाठी पासबुकच पाहावे लागते.

जुन्या पद्धतीच्या फायलीविषयीही सावध राहावे. एक्सेल २००३ पर्यंत एका शीटवर ६५,५३६ ओळीच मावत. २००७ पासून १०,४८,५७६ ओळी मावतात, पण फाइल जुन्या 'एक्सएलएस' प्रकारात जतन केली की मर्यादा जुनीच राहते. इंग्लंडमध्ये २०२० साली करोनाच्या काळात नेमके असेच झाले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतील १५,८४१ रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकड्यांतून सुटल्या आणि त्यांच्या संपर्कातील लोकांना शोधण्यास उशीर झाला. आपल्या संस्थेची यादी साठ हजारांची नसेल. तरीही फाइल जतन करताना शेवटी 'एक्सएलएसएक्स' आहे ना, ते पाहावे.

विद्यार्थी मित्र विचारतील, हे सारे विकत घेण्याची ऐपत नसेल तर काय करावे? लिबरऑफिस ही प्रणाली विनामूल्य मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये निघालेल्या तिच्या २४.८ या आवृत्तीत एक्सलुकअप, फिल्टर, सॉर्ट व युनिक ही चारही सूत्रे आली आहेत. गूगल शीट्समध्येही एक्सलुकअप २०२२ पासून आहे व ते मोबाइलवर चालते. नोकरीच्या मुलाखतीत व्हीलुकअप अजून विचारतात, म्हणून तेही शिकून ठेवावे. चौथ्या जागी फॉल्स लिहिण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावावी.

ज्या संस्थेचा संगणक जुना आहे, म्हणजे एक्सेल २०१६ किंवा २०१९ आहे, तेथे ही नवी सूत्रे चालत नाहीत. आपली फाइल तेथे उघडली आणि सूत्र पुन्हा चालले की सेलमध्ये नेम ही चूक दिसते आणि समोरचा माणूस आपल्यालाच दोष देतो. म्हणून फाइल पाठवण्यापूर्वी तिची एक प्रत करावी, सूत्रांचा भाग कॉपी करून पेस्ट स्पेशलमधील 'व्हॅल्यूज' ने त्याच जागी चिकटवावा, आणि ती प्रत पाठवावी. मूळ फाइल आपल्याकडे ठेवावी. पाठवण्याआधी यादीत नसलेला एखादा क्रमांक मुद्दाम टाकून पाहावा. त्याच्यापुढे कोणाचे तरी गुण आले, तर यादी फलकावर लावू नये.