शनिवारची शाळा आणि ओव्हनमधला जर्मन पॅनकेक



शनिवारची शाळा सकाळची. साडेसात वाजता परिपाठाला उभी असलेली मुलं बघा, त्यातली किती जण काही खाऊन आलीत ते चेहऱ्यावरून कळतं. दहाच्या सुमारास एखादं पोर बाकावर डोकं टेकवतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "चहा पिऊन आलो, सर." चहासोबत फार तर दोन बिस्किटं किंवा टोस्ट.

आमगावकडे, म्हणजे आपल्या धानाच्या पट्ट्यात, घरचा झटपट नाश्ता म्हणजे तांदळाच्या पिठाचा चिला. कुणी त्याला आयते म्हणतं. पीठ, पाणी, मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर, सोबत टमाट्याची चटणी. चवीला तोड नाही. पण हिशेब करून बघा. एका चिल्याला तव्यावर अडीच मिनिटं धरली आणि चौघांना तीन-तीन चिले लागले, तर बारा चिल्यांना अर्धा तास होतो. तेवढा वेळ घरातली बाई तव्यासमोर उभी. पहिला चिला मुलाच्या ताटात गरम पडतो आणि शेवटचा तिच्या ताटात, तोही बऱ्याचदा उभ्या-उभ्या. तिलाही कामावर जायचं असेल तर ती चिल्याचा नाद सोडते आणि चहा-बिस्किटावर भागवते. मुलं उपाशी येतात त्यामागे आळस नसतो, हा अर्धा तास असतो.

म्हणून आज एका परक्या पदार्थाबद्दल लिहितोय. जर्मन पॅनकेक. तो तव्यावर एकेक करून घालायचा नसतो. सगळं पीठ एकाच भांड्यात ओतून ओव्हनमध्ये ठेवायचं आणि वीस मिनिटांनी सगळ्यांनी एकदम बसून गरम खायचं. ज्या घरात ओव्हन किंवा ओटीजी आहे त्यांच्यासाठी हे आहे. बऱ्याच घरांत केकसाठी घेतलेला ओटीजी वाढदिवसाखेरीज कपड्याखाली झाकून ठेवलेला असतो, तो बाहेर काढा.

नावाची गंमत

नाव जर्मन असलं तरी हा पदार्थ या रूपात प्रसिद्ध झाला अमेरिकेत. सिॲटल शहरातल्या मान्काज कॅफेने विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तो लोकप्रिय केला. तिथे त्याचं नाव 'डच बेबी'. जर्मन माणूस स्वतःच्या भाषेला आणि देशबांधवाला 'डॉइच' म्हणतो, त्याचं 'डच' झालं असं सांगतात. हॉलंडचा त्याच्याशी संबंध नाही. गंमत पुढे आहे: जर्मनीत 'फानकूखन' म्हणजे आपल्या धिरड्यासारखा तव्यावरचा पातळ प्रकार, आणि बर्लिनमध्ये तोच शब्द मागितला तर आत जॅम भरलेला तळलेला गोळा हातात पडतो. मुलांना हे सांगायचं असेल तर विलायती चिंचेपासून सुरुवात करा. तीही विलायतेतून नाही, मेक्सिको-मध्य अमेरिकेकडून आलेली.

आता कृती

तीन अंडी, अर्धी वाटी मैदा (साधारण ६५ ग्रॅम), अर्धा कप दूध (१२० मिली), एक चमचा साखर, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे तूप. एवढंच. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही, इनो तर नाहीच. मूळ कृतीत लोणी असतं, पण इतक्या तापलेल्या भांड्यात लोण्यातला दुधाचा अंश करपतो. तूप तो ताप सहन करतं, आणि वासही आपल्या ओळखीचा.

अंडी आधी चांगली फेटा. मग दूध, मीठ, साखर घाला आणि शेवटी मैदा थोडा थोडा घालत गाठी मोडा. मिक्सर असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम. पीठ पातळ झालं की घाबरू नका, ते चिल्याच्या पिठासारखं किंवा थोडं त्याहून सैलच हवं. दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या. खरी सोय अशी की हे पीठ शुक्रवारी रात्री करून फ्रिजमध्ये ठेवता येतं. सकाळी ओव्हन तापायला लावला की बाहेर काढायचं आणि ओतण्याआधी ढवळायचं.

भांडं आठ-नऊ इंचांचं, कडा उभ्या असलेलं. केकचा डबा चालतो. बिडाचा खोलगट तवा असेल तर उत्तम, फक्त त्याला प्लॅस्टिकची किंवा लाकडाची मूठ नको. जाळी खालच्या बाजूला लावा. पॅनकेक दोन-तीन इंच वर येतो आणि ओटीजीच्या वरच्या कांडीला टेकला तर तिथेच जळतो.

रिकामं भांडं आत ठेवूनच ओव्हन २२० अंशांवर तापवा. दहा-पंधरा मिनिटांनी भांड्यात तूप सोडा, ते लगेच पातळ होऊन फिरलं पाहिजे. त्यावर पीठ एकदम ओता. चर्र आवाज आला की समजा जमलं. दार लावा. पंधरा मिनिटं दाराला हात लावायचा नाही, मग १८० अंशांवर आणखी तीन ते पाच मिनिटं. काचेतून बघायला मुलांना बसवा, पण काच तापते, हातभर लांब.

खाताना वरून लिंबू पिळून पिठीसाखर भुरभुरवतात. आमच्याकडे पातळ केलेला गूळ आणि लिंबू जास्त चालतं. केळ्याच्या चकत्याही छान. कांदा-कोथिंबीर घालायची असेल तर वरून घाला, पिठात घातली की ओझ्याने पॅनकेक दबतो. घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध देऊ नका, पॅनकेकवरही नाही.

तो फुगतो कसा?

इथे आपला तास सुरू होतो. वर्गात विचारा: सोडा नाही, यीस्ट नाही, मग फुगवलं कोणी? बहुतेक मुलं "हवेनं" म्हणतील. लगेच चूक म्हणू नका. गणित करू द्या.

फेटताना पिठात हवा जाते हे खरं. दाब तोच राहिला तर हवेचं आकारमान केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतं. सकाळचं पीठ २७ अंशांचं धरू, म्हणजे ३०० केल्विन. पिठात पाणी शिल्लक आहे तोवर त्याचा आतला भाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, म्हणजे ३७३ केल्विन. ३७३ भागिले ३००, उत्तर १.२४. हवा सव्वापट सुद्धा झाली नाही. आणि पॅनकेक तर भांड्याच्या बाहेर डोकावतोय.

आता पाण्याकडे वळा. १८ ग्रॅम पाण्याची १०० अंशांवर वाफ झाली की ती साधारण ३०.६ लिटर जागा व्यापते. म्हणजे एक मिलिलिटर पाण्याची वाफ १.७ लिटर. सतराशे पट! दूध आणि अंडी दोन्हींत बहुतांश पाणीच असतं. तापलेल्या भांड्याला टेकलेल्या पिठातलं पाणी क्षणात वाफ होतं आणि वरचा थर उचलतं. त्याच वेळी अंड्यातली प्रथिनं घट्ट होतात, मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं, आणि वाफ निसटायच्या आत तिच्याभोवती भिंत तयार होते.

ओव्हन नसलेल्या शाळेतही हा पाठ घेता येतो. फुलका आहे ना! दोन पापुद्रे, मधे वाफ. एक फुलका तसाच भाजा, दुसऱ्याला टोचणीने भोकं पाडून भाजा. दुसरा का फुगला नाही हे चौथीतलं मूलही सांगतं. मग चिला का फुगत नाही असा प्रश्न आपोआप येतो, आणि तो मुलांकडून आलेला बरा. तांदळात ग्लुटेन नाही, पिठात अंडं नाही. वाफ तयार होते पण तिला धरून ठेवणारं कुणी नाही, म्हणून ती जाळी पाडून निघून जाते. चिल्याची सुंदर जाळी म्हणजे वाफ निसटल्याच्या खुणाच. मैद्याऐवजी अर्धं तांदळाचं पीठ वापरून बघा: अंड्यामुळे पॅनकेक फुगतो, पण कमी. तांदळाचं पीठ तळाशी बसतं, म्हणून ओतताना पुन्हा ढवळा.

आणि मग तो खाली बसतो

बाहेर काढल्यावर दोन-चार मिनिटांत पॅनकेक खचतो. पहिल्या वेळी आमच्या घरात "पडला, पडला!" असा ओरडा झाला आणि मला वाटलं माझंच चुकलं. चुकलेलं नव्हतं. आतली वाफ थंड होऊन तिचं पाणी झालं, सतराशेचं पुन्हा एक झालं, तर छप्पर टिकणार कसं? कडा उभ्या आणि कुरकुरीत, मधे खोलगट मऊ, हेच त्याचं रूप. तो खळगा गुळासाठीच आहे असं समजा.

खऱ्या चुका वेगळ्या. दुसऱ्या वेळी मी दहाव्या मिनिटाला दार उघडलं. भिंती घट्ट व्हायच्या आत गार हवा लागली आणि मधे चिकट गोळा राहिला. असा कच्चा भाग मुलांना देऊ नका, अंडं पूर्ण शिजलंच पाहिजे. एकदा घाईत थंड भांड्यात पीठ ओतलं, तेव्हा जाड अंडापोळी झाली. गॅसवर झाकण ठेवून केलं तरी साधारण तेच होतं. खायला वाईट नाही, पण त्याला जर्मन पॅनकेक म्हणू नये.

अंड्याचं काय?

जे अंडी खात नाहीत त्यांनी हा पदार्थ करू नये, हे माझं स्पष्ट मत. अंड्याच्या जागी केळं, दही वगैरे घालून त्या भिंती उभ्या राहत नाहीत. त्यापेक्षा चिल्यात बेसन मिसळा आणि सोबत दही द्या.

जे खातात त्यांच्यासाठी आकडे बघा. तीन अंड्यांत साधारण १८ ग्रॅम प्रथिनं, दुधात ४, मैद्यात ६ ते ७. तिघांत वाटलं तर प्रत्येकी नऊ ग्रॅमच्या आसपास. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे. म्हणजे त्याच्या तीन चतुर्थांश घरून निघतानाच पोटात. राज्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं किंवा केळं द्यायचं ठरलं होतं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबला. अंड्याच्या दिवशी हजेरीपटाकडे लक्ष दिलेल्या शिक्षकांना मी आणखी काही सांगायला नको. घरी परवडत असेल तिथे शनिवारचं अंडं सोडू नका.

विजेचा प्रश्न पालक विचारतातच. तो सातवीच्या मुलाकडून सोडवून घ्या. १५०० वॅटचा ओटीजी ३५ मिनिटं: १.५ गुणिले ३५ भागिले ६०, म्हणजे ०.८७५ युनिट. तापमान गाठल्यावर कांड्या मधेमधे बंद होतात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच. घरच्या बिलावरचा दर बघून रुपये मुलालाच काढू द्या. मे महिन्यात मात्र हा बेत नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरात आणखी एक भट्टी कोण पेटवणार!

पॅनकेक काढल्यावर ओव्हन बंद केला तरी तो बराच वेळ गरम असतो. त्यात मूठ-दोन मूठ शेंगदाणे पसरून दार लावून द्या. मुलं शाळेतून येईपर्यंत सालं सुटायला आलेली असतात.