जुन्या पीसीत पैसे घालायचे की नवा जोडायचा?

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं नाव २९ ऑगस्ट २०२३ ला मराठा आरक्षणासाठी सुरू झालेल्या उपोषणाने घरोघरी पोचलं. पुढे कुणबी नोंदी जमवायच्या, दाखल्याचे अर्ज भरायचे, पडताळणीची कागदपत्रं चढवायची, हे काम मात्र आलं गावोगावच्या सेतू आणि सीएससी केंद्रांवर. पीकविमा, सातबारा, महाडीबीटी हे आधीपासून होतंच. अशा केंद्रातला दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप गर्दीत अडकायला लागला की दुकानदार म्हणतो, ‘हा काढा, नवा घ्या’ आणि भाचा म्हणतो, ‘मामा, नुसती रॅम टाका.’ दोघांचंही ऐकण्याआधी थोडी तपासणी आपली आपल्याला करता येते.

ती ऐन गर्दीत करा. सकाळी केंद्र उघडल्या उघडल्या सगळीच यंत्रं पळतात. दहा टॅब उघडे आहेत, स्कॅनर चालू आहे, प्रिंट निघतेय, अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ‘परफॉर्मन्स’ पाहा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून असेल तर दुखणं हार्ड डिस्कचं. मेमरी ९० च्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. प्रोसेसर सतत १०० वर असेल तर आधी डबा उघडून पंख्याखालची धूळ काढा आणि थर्मल पेस्ट बदला. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. आणि हे तिन्ही निवांत असून पान नुसतंच गोल फिरत असेल तर दोष नेटचा किंवा सर्व्हरचा. विम्याच्या शेवटच्या तारखेला लाखाचा पीसीही तिथंच थांबतो.

एक दुखणं फसवं आहे. रोज सकाळी घड्याळ मागच्या कुठल्यातरी साली गेलेलं असतं आणि ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत सरकारी साइट उघडू देत नाही. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा बटणासारखा सेल संपलेला असतो. तो चहा-नाश्त्याच्या पैशात येतो. एवढ्यासाठी पीसी मोडीत काढू नका.

मग प्रोसेसरची पिढी पाहा. ‘आय५ आहे’ एवढ्याने काही कळत नाही, पुढचा आकडा वाचा. आय५-३४७० म्हणजे तिसरी पिढी, ८४०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे विंडोज ११ रीतसर चालतं, रायझनमध्ये साधारण २००० मालिकेपासून. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ही रेघ आता महत्त्वाची. पीसी आठव्या पिढीचा असूनही ‘विंडोज ११ चालणार नाही’ असं येत असेल तर बायोसमध्ये टीपीएम ही सुरक्षेची सोय बंद आहे का ते बघा. इंटेलच्या बोर्डवर त्याला पीटीटी म्हणतात. बरेचदा ते नुसतं चालू केलं की काम होतं. जुन्या पिढीवर जुगाड करून विंडोज ११ टाकून देणारे भेटतील. ज्या यंत्रावर लोकांचे अंगठे आणि बँकेचे व्यवहार होतात तिथे मी तो जुगाड करणार नाही. लिनक्स मुलाच्या अभ्यासाला उत्तम, पण अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीची डोंगल यांचे ड्रायव्हर बहुतेक विंडोजलाच धरून असतात. केंद्रावर तो वाद घालू नये.

आता खरा हिशेब. जुन्यात घातलेली वस्तू उद्या नव्यात काढून लावता येईल का, एवढंच विचारा. साटा एसएसडी येईल. यूपीएस, मॉनिटर, स्कॅनर येतील. डीडीआर३ रॅम येणार नाही, कारण नव्या बोर्डात ती बसतच नाही. म्हणून तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या पीसीत आधी एसएसडी टाका. एच६१ बोर्डाचे साटा पोर्ट जुन्या वेगाचे असले तरी फरक डोळ्यांना दिसतो, कारण हार्ड डिस्कचा वेळ सुई इकडून तिकडे नेण्यात जातो आणि एसएसडीत सुईच नसते. रॅम ४ जीबी असेल तर सेकंडहँड डीडीआर३ ची एखादी काडी लावून ८ करा, त्यापुढे थांबा. या यंत्राकडून फार तर वर्षभर काम घ्यायचं आणि तेवढ्यात नव्याची सोय लावायची.

आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा पीसी असेल तर प्रश्न सोपा. एसएसडी, १६ जीबी रॅम आणि साफसफाई. यातली डीडीआर४ रॅम पुढे डीडीआर४ च्या बोर्डात चालेल. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव जगभर चढलेत, त्यामुळे हातातली काडी फुकट घालवू नका. पण बोर्डाचे कपॅसिटर फुगलेले असतील किंवा पीसी मधेच स्वतःहून बंद होत असेल, तर त्यात वरून काही घालू नका.

नवा जोडायचा ठरला तर केंद्राच्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. आय३-१२१०० आणि एच६१० चा डीडीआर४ बोर्ड, नाहीतर रायझन ५६००जी. सोबत ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी. इथे एक अक्षर महाग पडतं. १२१००एफ थोडा स्वस्त मिळतो, पण त्या ‘एफ’ला स्वतःचं ग्राफिक्स नसतं. सगळं जोडून झाल्यावर स्क्रीन काळी! जालन्यात घ्या, छत्रपती संभाजीनगरला घ्या की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्या. ‘आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी, अगदी स्वस्तात’ अशा जाहिरातीत अनेकदा नवं कॅबिनेट आणि आत तिसऱ्या पिढीचा जुना प्रोसेसर निघतो. त्यापेक्षा कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला आठव्या-नवव्या पिढीचा रिफर्बिश्ड डेस्कटॉप बरा, वॉरंटी लेखी मिळत असेल तर.

पैसे वाचवायचेच तर कॅबिनेटवर वाचवा, पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर नाही. गावाकडे व्होल्टेज दिवसभर वरखाली होतं आणि हलक्या एसएमपीएसवर छापलेले ४५० वॅट कागदावरच राहतात. ८० प्लस खूण असलेला घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची हे धरून चाला.

जुना पीसी विकताना किंवा बदल्यात देताना हार्ड डिस्क मात्र काढून ठेवा. त्यात गावातल्या शेकडो लोकांची आधार कार्डं, पासबुकं, दाखले स्कॅन होऊन पडलेले असतात आणि ‘क्विक फॉरमॅट’ने ते पुसले जात नाहीत, साध्या सॉफ्टवेअरने परत निघतात. आधी कामाचं दुसरीकडे उतरवून घ्या, मग पूर्ण फॉरमॅट मारा. डिस्क चालतच नसेल तर भंगारात देण्याआधी तिची तबकडी फोडा.