अल्पक्षमतेचे संगणक आणि स्मृतीचे व्यवस्थापन

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैरात येथील प्राथमिक शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलासाठी एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा भारतातील प्रारंभिक प्रयोग सुरू झाला. या प्रकल्पाच्या पहिल्या 'एक्सओ' संगणकात ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट मुख्य स्मृती, म्हणजेच रॅम, आणि १ गिगाबाइट फ्लॅश साठवण होती. हार्ड डिस्क नव्हती. किंमत आवाक्यात राहावी व वीज कमी लागावी, हा त्यामागील हेतू. अशा यंत्रावर आज्ञावली सुरळीत चालविणे, हा प्रश्न तांत्रिक आहे, तसाच शैक्षणिक समतेचाही आहे.

मंदपणाचे कारण

संगणक मंदावला की दोष प्रक्रियकाला दिला जातो. पुष्कळदा खरी अडचण स्मृतीच्या टंचाईत असते. मुख्य स्मृती भरली की कार्यप्रणाली कमी वापरातील माहिती डिस्कवर हलवते व गरजेनुसार परत आणते. यास 'स्वॅपिंग' म्हणतात. मुख्य स्मृतीतून माहिती मिळण्यास साधारणतः १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट अधिक. ही ये-जा वाढून प्रत्यक्ष काम खोळंबते, त्या अवस्थेस 'थ्रॅशिंग' ही संज्ञा आहे. फ्लॅश साठवण याहून वेगवान असते. परंतु तिचे कप्पे मर्यादित वेळाच पुसून लिहिता येतात.

संपीडनाचा उपाय

नितीन गुप्ता यांच्या 'कॉम्पकॅश' प्रकल्पातून विकसित झालेले 'झेडरॅम' हे तंत्र २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१४ आवृत्तीत मुख्य प्रवाहात आले. त्यात माहिती डिस्कवर न पाठविता संपीडित करून स्मृतीतच ठेवली जाते. समजा, २५६ पैकी ६४ मेगाबाइट जागेत निम्म्या आकारात दाबलेली माहिती ठेवली, तर तेथे १२८ मेगाबाइट माहिती मावते. उर्वरित १९२ मिळवून एकूण क्षमता ३२० मेगाबाइटइतकी होते. मात्र संपीडनासाठी प्रक्रियकाचा वेळ खर्च होतो. शिवाय आधीच संपीडित असलेली छायाचित्रे याहून फारशी लहान होत नाहीत. २०१३ मधील अँड्रॉइड ४.४ आवृत्तीनेही ५१२ मेगाबाइट स्मृतीच्या फोनसाठी या तंत्राचा आधार घेतला.

क्रम महत्त्वाचा

प्रथम मोजमाप करावे: प्रक्रियक, स्मृती व साठवण यांपैकी कशावर ताण आहे, ते पाहावे. नंतर अनावश्यक सेवा बंद कराव्यात, हलक्या आज्ञावली निवडाव्यात आणि त्यानंतर संपीडन योजावे. एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजावे. अन्यथा सुधारणा कशामुळे झाली, हे कळत नाही.

'विंडोज १०' या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे अनेक संगणक त्यामुळे ई-कचऱ्याच्या वाटेवर आहेत. हलक्या मुक्त प्रणाली व योग्य व्यवस्थापन यांची जोड मिळाल्यास त्यांतील कित्येक यंत्रे शाळांमध्ये आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतात. साधनांची वाढ हा विकासाचा एक मार्ग आहे. उपलब्ध साधनांचा पुरेपूर वापर हा दुसरा.